मोबाइलच्या जोड-लेन्स आणि प्रवासातला ट्रायपॉड: पैसे कुठे घालावेत

पाच हजार रुपये खर्चून मोबाइलवरचे फोटो सुधारायचे असतील, तर त्यातले निम्म्याहून जास्त ट्रायपॉड आणि त्याच्या मोबाइल होल्डरवर घालावेत, उरलेल्यात जवळची बारीक वस्तू मोठी दाखवणारी एक मॅक्रो लेन्स घ्यावी आणि तिथेच थांबावं. एका डबीत अकरा लेन्स भरलेले संच, बारापट-वीसपट दुर्बिणी, रंगीत काचा हे सगळं दुकानातच राहू द्यावं. बाजारात मात्र नेमका उलटा क्रम दिसतो. लेन्सवर हौसेने खर्च होतो आणि ट्रायपॉड म्हणून त्या संचाबरोबर फुकट आलेली वीतभर तिवई वापरली जाते.

जोड-लेन्सचा, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यावर वरून लावायच्या लेन्सचा, धंदा वाढला तेव्हा फोनच्या पाठीवर एकच कॅमेरा असायचा. त्या काळात चौकटीत जास्त दृश्य मावणारी ०.४५ एक्सची वाइड लेन्स कामाची होती. आता मधल्या किमतीच्या फोनलाही अल्ट्रावाइड कॅमेरा असतो आणि महागड्या फोनमध्ये तो १३ एमएमच्या आसपासचं दृश्य टिपतो (एमएमचा हा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ: कॅमेऱ्याचा आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं दूरचं जवळ). मुख्य कॅमेऱ्यावर स्वस्त वाइड लेन्स चढवून जवळपास तेवढंच दृश्य मिळतं, शिवाय कोपरे धूसर होतात आणि खिडकीच्या गजांना जांभळी किनार येते. तुमच्या फोनला अल्ट्रावाइड नसेल तरच वाइड लेन्सचा विचार करा.

दुप्पट टेलीचं, म्हणजे दूरचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सचंही तसंच आहे. मुख्य कॅमेरा २४ एमएमचा धरला, तर २ एक्स लेन्स लावून ४८ एमएम मिळतात. ४८ किंवा ५० मेगापिक्सेलचे फोन सेन्सरचा मधला १२ मेगापिक्सेलचा तुकडा घेऊन हेच काम काचेशिवाय करतात आणि हजार-दीड हजारांच्या लेन्सपेक्षा स्वच्छ करतात. बारापट दुर्बिणीचा मोह चंद्रासाठी होतो. हिशेब करून पाहा: बारापट म्हणजे २८८ एमएम धरले, तरी चंद्र फोटोच्या रुंदीचा जेमतेम चौदावा भाग व्यापतो. एवढ्यासाठी क्लिपवर लोंबणारी नळी सांभाळायची, हाताने फोकस फिरवायचा, आणि नळीच्या वजनाने क्लिप अर्धा मिलिमीटर सरकली की चित्राची एक बाजू काळी.

याला अपवाद आहे तो फोन कंपन्यांनी ठरावीक मॉडेलसाठी बनवलेल्या टेली जोडांचा. विवोच्या एक्स ३०० प्रोसाठी झाइसचा २.३५ पटीचा जोड मिळतो. तो फोनच्या ८५ एमएम टेली कॅमेऱ्यावर बसतो आणि २०० एमएमचं दृश्य देतो. खास कव्हरवर तो घट्ट बसतो, त्यामुळे लेन्सचा मध्य कॅमेऱ्याच्या मध्याशी जुळलेला राहतो, आणि कॅमेरा अॅपमध्ये त्याच्यासाठी वेगळा मोड आहे. फोनच्याच टेलीवर बसत असल्याने त्यात अर्थ आहे. पक्षी टिपणाऱ्यांनी त्याचा जरूर विचार करावा. पण तो त्या फोनपुरताच. दुसऱ्या फोनवर चढवायची खटपट करू नये.

खरी किंमत वसूल करते ती मॅक्रो लेन्स. तिच्या डबीवर १० एक्स, १५ एक्स असं काहीही छापलेलं असो, त्याकडे दुर्लक्ष करून फोकल लेंग्थ विचारा. २५ एमएम, ७५ एमएम आणि १०० एमएम असे प्रकार मिळतात. हा आकडा म्हणजेच, ढोबळमानाने, लेन्सपासून वस्तूचं अंतर. २५ एमएमची लेन्स असेल तर फूल लेन्सपासून अडीच सेंटिमीटरवर हवं. १०० एमएमची असेल तर दहा सेंटिमीटरवर.

किती मोठं दिसेल, याचाही सोपा हिशेब आहे. २४ एमएमच्या मुख्य कॅमेऱ्यावर चौकटीची रुंदी त्या आकड्याच्या दीडपट येते. २५ एमएमच्या लेन्सने साधारण पावणेचार सेंटिमीटर रुंदीचा तुकडा चौकटभर दिसतो, १०० एमएमच्या लेन्सने पंधरा सेंटिमीटर. म्हणजे मुख्य कॅमेऱ्यावर १०० एमएमची लेन्स फारशी कामाची नाही. तीच लेन्स फोनच्या ३ एक्स टेलीवर, म्हणजे ७७ एमएमच्या आसपासच्या कॅमेऱ्यावर लावा, की तेवढ्याच दहा सेंटिमीटरवरून पावणेपाच सेंटिमीटरचा तुकडा चौकटभर येतो. ५ एक्सवर तीन सेंटिमीटरचा. लांबून मोठं दिसणं ही मॅक्रोमधली सगळ्यात मोठी सोय. अडीच सेंटिमीटरवर फोन नेला की त्याचीच सावली फुलावर पडते आणि चतुर असेल तर तो कधीच उडालेला असतो. दहा सेंटिमीटरवरून दोन्ही अडचणी बऱ्याच कमी होतात.

म्हणून निवड फोन पाहून करावी. फोनला टेली कॅमेरा असेल तर ७५ ते १०० एमएमची मॅक्रो, नसेल तर २५ एमएमची. कासच्या सड्यावरची सीतेची आसवं ही फुलं किंवा दवबिंदू या वनस्पतीची लालसर केसाळ पानं टिपायची असतील, तर इथे पहिली जोडी सरस ठरते. पायवाटेच्या कडेला बसूनही पोहोचता येतं, फुलांवर ओणवं व्हावं लागत नाही, काही तुडवलं जात नाही.

आता यातली अडचण. फोन स्वतःच्या मर्जीने कॅमेरा बदलतो. वस्तू जवळ आहे किंवा उजेड कमी आहे असं वाटलं की स्क्रीनवर ३ एक्स दिसत असतानाही तो मुख्य कॅमेऱ्याचा तुकडा कापून दाखवतो. जोड-लेन्स टेलीवर, चित्र मुख्य कॅमेऱ्याचं, आणि माणूस लेन्सला दोष देतो. कोणता कॅमेरा चालू आहे हे ओळखायला मागच्या काचांवर एकेक करून बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली, तो चालू कॅमेरा. आयफोनच्या प्रो मॉडेलमध्ये, म्हणजे १३ प्रोपासून पुढे, सेटिंग्जमध्ये कॅमेरा उघडून ‘मॅक्रो कंट्रोल’ चालू करावं. मग फोटो काढताना फुलाचं चिन्ह दिसतं, ते दाबून अल्ट्रावाइडवर उडी मारणं बंद करता येतं. टेली मात्र याने पक्की होत नाही. त्यासाठी हॅलाइड किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा यांसारखं कॅमेरा ठरवून देणारं अॅप लागतं. सॅमसंगच्या वरच्या फोनमध्ये कंपनीचंच ‘कॅमेरा असिस्टंट’ घेऊन त्यातलं ‘ऑटो लेन्स स्विचिंग’ बंद करावं. अँड्रॉइडच्या प्रो मोडमध्ये अनेकदा कॅमेरा हाताने निवडता येतो.

फोकसची पद्धतही बदलते. स्क्रीनवर टिचकी मारून फोकस शोधत बसू नका. वस्तूवर बोट दाबून धरून फोकस लॉक करा, मग फोन अगदी सावकाश पुढेमागे हलवा आणि हवा तो भाग स्पष्ट दिसला की बर्स्टमध्ये, म्हणजे सलग, पाच-सात फोटो घ्या. २५ एमएमच्या लेन्सने स्पष्ट दिसणारी खोली एक मिलिमीटरच्या आतबाहेर असते. मुंगीचे डोळे स्पष्ट आले तर पोट धूसर येणारच, ती लेन्सची खोट नाही. फूल वाऱ्याने डुलत असेल तर शटर (ते उघडं राहण्याचा वेळ) १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान हवं. इथे ट्रायपॉडचा उपयोग नाही, कारण हलतंय ते फूल.

लेन्स बसते कशी, हा मुद्दा काचेइतकाच महत्त्वाचा. स्वस्त संचात कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी क्लिप असते. एकच कॅमेरा असलेल्या फोनला ती ठीक. तीन कॅमेऱ्यांच्या उंच उंचवट्यावर ती तिरपी बसते, जाड कव्हरवरून लावली तर लेन्स आणि कॅमेरा यांच्यात फट राहते आणि कडांना काळोख येतो. क्लिप वापरायचीच असेल तर कव्हर काढा. लेन्स आधी सैल लावून स्क्रीनवर पाहत सरकवा, चारही कोपऱ्यांचा उजेड सारखा झाला की सोडा. स्क्रीनवरच्या संरक्षक काचेच्या कडेवर क्लिपचा रबर येऊ देऊ नका, काच टवके उडून फुटते. काही फोनमध्ये कॅमेऱ्याशेजारी लेझर फोकसची बारीक खिडकी असते. ती क्लिपखाली झाकली गेली की फोकस भरकटतो.

बऱ्याच क्लिप लेन्सना १७ एमएमचे आटे असतात. हे प्रमाण जवळपास सगळीकडे चालतं, त्यामुळे अॅपेक्सेल, युलांझी यांची १७ एमएमवाली लेन्स त्याच आट्यांच्या कव्हरवर बसते. आपल्या फोनसाठी असं आटेवालं कव्हर मिळत असेल तर क्लिपपेक्षा तेच घ्यावं. मोमेंटची पद्धत निराळी: लेन्स कव्हरवर ठेवून पाव फेरा फिरवायची. तिच्या एम आणि टी अशा दोन मालिका आहेत. टी मोठ्या कॅमेऱ्याच्या नव्या फोनसाठी. घेण्याआधी कव्हरचा माउंट कुठल्या मालिकेचा आहे ते पाहून घ्या. काच उत्तम, पण लेन्स आणि कव्हर मिळून खर्च दहा हजारांच्या वर जातो आणि फोन बदलला की कव्हर पुन्हा घ्यावं लागतं. फोटोतून उत्पन्न नसेल तर एवढा खर्च करू नये.

दुकानात लेन्स तपासायला दोन मिनिटं पुरतात. मुंबईच्या बोरा बाजारातला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतला दुकानदार तेवढी देतो, आणि देत नसेल तर पुढचं दुकान पाहावं. फुलाच्या छापील चित्राचा, नाण्याचा किंवा नोटेवरच्या बारीक अक्षरांचा फोटो काढा आणि मोठा करून मध्य आणि कोपरे ताडून पाहा. मधल्या दोन-तृतीयांश भागातली अक्षरं वाचता आली तर लेन्स चांगली. काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर जांभळी-हिरवी रेघ ठळक असेल तर परत द्या. घर धातूचं असावं. प्लॅस्टिकचे आटे दहा-पंधरा वेळा उघडझाक केल्यावर घसरतात.

पाच हजारांच्या हिशेबाबाहेरच्या फिल्टरबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरणाऱ्याने सीपीएल, म्हणजे चमक कापणारा पोलरायझर फिल्टर, घ्यावा. ओली पानं, भिजलेला काळा कातळ, डोहाचं पाणी यांच्यावरची पांढरी चमक तो काढून टाकतो, आणि हे नंतर अॅपमध्ये करता येत नाही. कडं फिरवत स्क्रीनवर पाहायचं, चमक गेली की थांबायचं. आकाश गडद करायचं तर सूर्य डाव्या किंवा उजव्या खांद्याच्या बाजूला हवा. सूर्य पाठीशी असताना फरक जाणवत नाही. इंद्रधनुष्य दिसलं तर फिल्टर काढा, तो ते पुसून टाकू शकतो.

धबधब्याचं पाणी दुधासारखं हवं असेल तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लागतो, कारण बहुतेक फोनचं उजेड आत घेणारं छिद्र लहानमोठं होत नाही. ढगाळ पावसाळी उजेडात एफ १.८ (छिद्राचा आकडा) आणि आयएसओ ५० (सेन्सरची संवेदनशीलता) धरून शटर १/५०० सेकंदाच्या आसपास येतं. एनडी ६४ लावला की ते १/८ होतं, एनडी १२८ लावला की १/४. दरीच्या सावलीत एनडी ६४ नेच अर्धा सेकंद मिळतो आणि पाण्याला धारेचा आकार राहतो. एनडी १००० भर उन्हासाठी, त्याची घाई नको. आयफोनच्या मूळ अॅपमध्ये शटर हाताने ठरवता येत नाही, तिथे वर सांगितलेली अॅप लागतात किंवा लाइव्ह फोटोतला ‘लाँग एक्स्पोजर’ वापरता येतो.

आणि हे सगळं हातात धरून होत नाही.

ट्रायपॉड घेताना फोन हलका आहे म्हणून काहीही चालेल, हा समज सगळ्यात महागात पडतो. दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमचा फोन कुठलाही ट्रायपॉड पेलतो. डबीवरचं ‘५ किलो भार’ वाचून काहीच कळत नाही. फोन वाऱ्याला आडवा धरलेल्या पाटीसारखा असतो आणि हलक्या ट्रायपॉडला खाली धरून ठेवणारं वजन नसतं. त्यामुळे भारापेक्षा तीन गोष्टी पाहा: शेवटच्या नळीची जाडी, मधला दांडा खाली असताना मिळणारी उंची, आणि जोड किती.

चार जोडांचा, शेवटची नळी बारा-तेरा मिलिमीटरची, मधला दांडा न उचलता एकशे वीस सेंटिमीटरपर्यंत जाणारा, आणि वजनाने एक ते सव्वा किलो असा ट्रायपॉड ट्रेकच्या पाठपिशवीला योग्य. घडी ४० ते ४५ सेंटिमीटरची असेल तर ती ५५ सेंटिमीटरच्या केबिन बॅगेतही मावते, पण विमानतळाच्या तपासणीत अडवलं जाण्याचा धोका नको असेल तर ट्रायपॉड चेक-इन सामानात टाकावा. मधला दांडा पूर्ण वर केला की तीन पायांचा ट्रायपॉड एका काठीवर उभा राहतो. त्या उंचीसाठी पैसे देऊ नका.

डिजिटेक, फोट्रॉन, ओसाका यांचे साडेपाच फुटी अॅल्युमिनियमचे ट्रायपॉड स्वस्त आहेत आणि घरात, हॉलमध्ये व्हिडिओसाठी पुरेसे आहेत. त्यांच्या लांब हँडलचं डोकं मात्र प्रवासात अडचणीचं: ते पिशवीत अडकतं आणि फोन उभा करताना लटपटतं. प्रवासाला बॉल हेड हवं. त्यात एकच नॉब सैल करून हवा तो कोन मिळतो. पीक डिझाइनचा ट्रॅव्हल ट्रायपॉड या सगळ्यात सरस: घडी ३९ सेंटिमीटर, उंची १५२, अॅल्युमिनियमचा दीड किलोच्या थोडा वर, आणि मधल्या दांड्यात लपवलेला मोबाइल होल्डर. पण त्या किमतीत चांगला फोन येतो. ज्याच्याकडे मोठा कॅमेराही आहे त्यालाच तो परवडावा.

सेल्फी स्टिकचं ट्रायपॉड होणारी काठी आज सगळ्यात जास्त विकली जाते. ग्रुप फोटोला ती छान. तिचे पाय मात्र वीतभर आणि काठी दीड मीटर, त्यामुळे वारा नसलेल्या जागी, अर्ध्या उंचीपर्यंतच तिच्यावर विश्वास ठेवा. कड्याच्या टोकावर कधीही नाही. वाकणाऱ्या पायांचा छोटा ट्रायपॉड, जॉबीच्या गोरिलापॉडसारखा, रेलिंगला किंवा फांदीला गुंडाळता येतो आणि दुसरा ट्रायपॉड म्हणून फार उपयोगी आहे. त्याचे गोळे कालांतराने सैल पडतात. स्वस्त नकलांमध्ये आतली तारच तुटते.

होल्डरकडे बहुतेकांचं लक्षच नसतं आणि फोन पडतो तो तिथूनच. स्प्रिंगवाल्यापेक्षा पेचाने आवळायचा होल्डर घ्या. जबडा ९० मिलिमीटरपर्यंत उघडावा, कारण मोठा फोन कव्हरसकट ८० च्या वर जातो. खालचे पाव इंची आटे धातूचे आहेत ना, ते टॉर्चने पाहा. प्लॅस्टिकमध्ये पाडलेले आटे महिनाभरात झिजतात. होल्डर स्वतः नव्वद अंशांत फिरणारा असावा. तसा नसेल तर उभा फोटो काढताना बॉल हेड बाजूला पाडावं लागतं, सगळं वजन एका अंगाला येतं आणि हलका ट्रायपॉड कलंडतो. जबडा आवाजाच्या किंवा पॉवरच्या बटणावर येऊ देऊ नका. मॅक्रोची क्लिप आणि होल्डर दोन्ही लावायचे असतील तर जागेवरून भांडण होतं, म्हणून होल्डर अरुंद हवा. आटेवालं कव्हर असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

दुकानातली परीक्षा अशी: ट्रायपॉड पूर्ण उघडा, फोन लावा, टेलीवर व्हिडिओ सुरू करा आणि एका पायाला बोटाने टिचकी मारा. चित्र एका सेकंदात स्थिर झालं तर उत्तम, तीन सेकंद थरथरत राहिलं तर नको. मग डोक्यावर तळहाताने बेताने दाब द्या. एखादा पाय आत सरकला तर त्याचा खटका सैल आहे. खटक्याच्या बाजूला कसायचा स्क्रू असेल तर दुरुस्ती होते, नसेल तर दुसरा नग मागा.

बाहेर वापरताना सर्वांत जाड नळी आधी उघडावी, हा नियम. वाळूत आणि पाण्यात तो उलटा करा: सर्वांत खालची बारीक नळी आधी पूर्ण काढा, म्हणजे जोड वाळूच्या वर राहतात. उतारावर दोन पाय खालच्या अंगाला, एक वरच्या. वारा असेल तर मधल्या हुकाला पिशवी अडकवा, पण तिचा तळ जमिनीला टेकलेला ठेवा. लोंबकळणारी पिशवी झोके खाते आणि ट्रायपॉडही तिच्याबरोबर हलतो. कोकणकड्यासारख्या जागी एवढंही पुरत नाही. तिथे पाय फाकवून गुडघ्याएवढ्या उंचीवर काम करावं.

फोटो काढताना फोनला हात लावू नका. तीन सेकंदांचा टायमर बहुतेक वेळा पुरतो. ब्लूटूथ रिमोट आवाजाच्या बटणासारखा काम करतो. काही रिमोट फोनला कीबोर्ड वाटतात आणि जोडलेले असेपर्यंत स्क्रीनवरचा कीबोर्ड येत नाही. काम झालं की बंद करा. आयफोनचा नाइट मोड तुमच्या ट्रायपॉडची परीक्षाही घेतो. हातात असताना काळोखात तो जास्तीत जास्त दहा सेकंदांपर्यंत जातो, पूर्ण स्थिर आहे असं कळलं तर तीस दाखवतो. ट्रायपॉडवरही तीस दिसत नसतील तर काहीतरी हलतंय: होल्डर, मधला दांडा, नाहीतर पायाखालची लाकडी फळी. गुगलच्या पिक्सेल फोनचा ताऱ्यांचा मोडही फोन असाच स्थिर झाल्यावर सुरू होतो आणि चार मिनिटांपर्यंत उजेड गोळा करतो. व्हिडिओत फोन सावकाश फिरवायचा असेल तर स्थिरीकरण बंद करावं, नाहीतर चित्र आधी चिकटून राहतं आणि मग उडी मारतं.

पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावायला आधी परवानगी लागते, आणि अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही. गडावर जाण्याआधी तो खात्याच्या ताब्यात आहे का, ते विचारून घ्या.

किनाऱ्यावरून आल्यावर त्याच दिवशी ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि उघडेच वाळू द्या. ओले मिटले तर मीठ आत राहतं आणि पुढच्या खेपेला जोड करकरतात. लेन्सवर आधी ब्लोअरने वारा मारा, मग कापड लावा, शर्टाचं टोक नको. पावसाळ्यात लेन्स तिच्या कापडी पिशवीत ठेवू नका, तिथे दमट हवा साठून काचेवर बुरशीचे तंतू धरतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि रंग बदलणारे दाणे असतील तर रंग बदलताच ते तापवून वाळवून घ्या.